बत्तीस एमबीवर तुटलेला सेव्ह : एका सिक्वेलचे आणि चार खेळाडूंचे प्रकरण

जळगावात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकणारा माझा भाचा आणि त्याचे तीन रूम पार्टनर यांनी दिवाळीच्या तोंडावर प्रत्येकी साडेसातशे रुपये काढून एका प्रसिद्ध फँटसी रोल-प्लेइंग गेमचा दुसरा भाग पहिल्याच दिवशी विकत घेतला. सेहेचाळीस तास खेळून झाल्यावर त्यांचा सेव्ह, म्हणजे खेळ जिथवर आला तिथवरची साठवलेली फाईल, उघडेनासा झाला. कंपनीकडे त्यांनी रागाने तक्रार केली, कंपनीने तिला ठरावीक उत्तर दिले, आणि चौघांपैकी दोघांनी तो गेम पुन्हा उघडला नाही. एवढेच हे प्रकरण आहे. मी पाचोऱ्याला राहून पुण्यातील एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करतो, त्यामुळे भाच्याचा फोन आला तेव्हा मामा म्हणून जितके वाईट वाटले त्याहून, खरे सांगायचे तर, तपासनीस म्हणून कुतूहल अधिक वाटले. गेमचे व कंपनीचे नाव येथे देत नाही. एका खोलीतील एका संगणकावरच्या अनुभवावरून कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू नाही आणि नावाशिवाय प्रकरणात काही उणेही पडत नाही.

प्रथम हे चौघे कोणत्या अपेक्षेने या गेमकडे आले ते पाहिले पाहिजे. पहिला भाग त्यांनी अकरावी-बारावीच्या काळात, एका जुन्या लॅपटॉपवर, आळीपाळीने खेळून पुरा केला होता. त्या खेळातील जादूगार नायकाला त्यांनी 'आबा' असे नाव ठेवले होते. त्यांचे तेव्हाचे घरमालक रात्री दहाला मुख्य बटण बंद करत असत, त्या आबांवरून. दुसऱ्या भागात पहिल्या भागाचा सेव्ह आणता येत होता, म्हणजे आबांनी कोणत्या गावाला वाचवले, कोणाला फसवले, कोणाशी वैर घेतले हे सारे नव्या गोष्टीत पुढे चालणार होते. सिक्वेलची मोहिनी येथेच असते. नवा गेम घेणारा माणूस वस्तू विकत घेतो. सिक्वेल घेणारा माणूस स्वतःच्याच जुन्या तासांवर पुढची बांधणी करण्याचा हक्क विकत घेतो, आणि म्हणून ती बांधणी ढासळली की त्याला दुप्पट लागते.

यात एक गोष्ट मुलांच्या लक्षात आली नव्हती, ती मी विचारल्यावर बाहेर आली. पहिला भाग त्यांनी प्रसिद्धीनंतर जवळजवळ दीड वर्षाने, सवलतीच्या भावात घेतला होता. तोवर त्याला कित्येक पॅच, म्हणजे कंपनीने मागाहून पाठवलेल्या दुरुस्त्या, लागून गेले होते. जो पहिला भाग त्यांच्या मनात निर्दोष म्हणून ठसला होता तो वास्तविक दीड वर्ष डागडुजी झालेला भाग होता, आणि त्याची तुलना ते पहिल्या दिवशीच्या दुसऱ्या भागाशी करत होते. एक मुरलेले लोणचे आणि दुसरे काल बरणीत भरलेले. ही तुलना अन्यायाची आहे हे मी त्यांना सांगितले. त्यावर भाच्याने दिलेले उत्तर मला खोडता आले नाही : "मामा, पैसे तर त्यांनी मुरलेल्या लोणच्याचे घेतले ना."

पहिल्या आठवड्यात दोष दिसू लागले होते, पण त्यांनी कोणाचा हिरमोड झाला नाही, उलट खोलीत हशा पिकला. एका गावचा मुखिया कमरेपर्यंत भिंतीत रुतलेला असे आणि तशाच अवस्थेत तो दुष्काळाविषयी गंभीर भाषण करी. मुले येता-जाता त्याला "राम राम, पाटील" म्हणत. एकदा घोडा धर्मशाळेच्या छपरावर जाऊन उभा राहिला आणि दोन दिवस खाली आला नाही. या प्रसंगांचे व्हिडिओ त्यांनी काढून ठेवले होते आणि मला ते मोठ्या हौसेने दाखवले. या दोषांना मी मनातल्या मनात 'तमाशाचे दोष' असे नाव दिले, कारण ते पाहणाऱ्याला काहीतरी देऊन जातात.

दुसऱ्या प्रकारचा दोष लोहाराच्या मोहिमेत आढळला. लोहाराची हरवलेली अंगठी आणून द्यायची होती. परंतु आबा लोहाराला भेटण्याआधीच त्याच्या मुलीला बाजारात भेटले होते, आणि त्यामुळे अंगठी हातात असूनही लोहार तिच्याविषयी बोलायलाच तयार नव्हता. असे का होते ते थोडक्यात सांगतो. अशा गेममध्ये प्रत्येक घटनेची होय किंवा नाही अशी नोंद ठेवलेली असते : मुलगी भेटली का, अंगठी मिळाली का, लोहाराशी बोलणे झाले का. अशा फक्त वीस नोंदी घेतल्या तरी त्यांच्या होय-नाहीच्या १०,४८,५७६ जुळण्या होतात, आणि मोठ्या गेममध्ये नोंदी वीस नसतात, हजारांत असतात. लिहिणाऱ्याने आधी लोहार आणि मग मुलगी असा क्रम गृहीत धरला, तपासणाऱ्याने तोच क्रम तपासला, आणि जळगावातील मुलांनी उलट्या वाटेने जाऊन तो मोडला. मोकळ्या जगात खेळाडूला कुठेही फिरू देण्याचे वचन ज्या गेमने दिले आहे त्याला हा दोष पूर्णपणे टाळणे जवळपास अशक्य असते. मुले चिडली, दोन दिवस लोहाराला शिव्या घातल्या, आणि पुढच्या मोहिमेला लागली. म्हणजे हाही दोष त्यांनी पोटात घातला.

तिसरा दोष मात्र पोटात घालण्यासारखा नव्हता. एका रविवारी सकाळी त्यांनी गेम सुरू केला, सेव्ह निवडला, पडद्यावर वाट पाहण्याचे चक्र फिरले आणि गेम कोणतीही सूचना न देता बंद पडला. पुन्हा केले, पुन्हा तेच. आपोआप होणारे तीन सेव्ह होते, तिन्ही उघडेनात. हाताने केलेला सेव्ह एकच होता, कारण चौघेही नेहमी एकाच जागेवर जुन्याच्या डोक्यावर नवा सेव्ह करत आले होते, तोही उघडेना. सर्व्हरवर जाणारी प्रत काढून पाहिली, तर तीही तीच, कारण सर्व्हरने इमानेइतबारे ताजी फाईल उचलून नेली होती. फोनवर भाच्याच्या मागून त्याच्या रावेरच्या रूम पार्टनरचा आवाज मला ऐकू आला : "बठ्ठं गयं भो!" (सगळं गेलं रे!) भिंतीतल्या पाटलाची कितीतरी वर्णने मी नंतर ऐकली, पण सेव्ह गेल्याच्या त्या सकाळविषयी त्या वाक्यापलीकडे कोणी काही सांगितले नाही.

दुपारच्या पॅसेंजरने मी जळगावला गेलो. खोलीत शिरलो तेव्हा निकाल आधीच लागला होता : दोष लाइटचा. आदल्या संध्याकाळी वीज दोनदा गेली होती, आणि फाईल लिहिली जात असताना वीज गेली की ती अर्धवट राहते हे संगणकाशी संबंध असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. भुसावळच्या मुलाला हार्ड डिस्कचा संशय होता. भाचा रॅमवर रुसलेला होता, कारण ती त्याने गोलाणी मार्केटमधून जुनी घेतली होती आणि त्या व्यवहाराविषयी घरी सांगितले नव्हते. गेमचा दोष असेल असे चौघांपैकी कोणालाच प्रथम वाटले नाही, ही बाब मला नोंदवण्याजोगी वाटते. आपल्याकडचा खेळाडू आधी स्वतःच्या यंत्राला, मग विजेला आणि सर्वांत शेवटी विकणाऱ्याला बोल लावतो. इतकी वर्षे कमी ताकदीच्या यंत्रांवर आणि बेभरवशाच्या विजेवर खेळल्याने अंगवळणी पडलेली ती सवय आहे.

मी एकेक संशयित तपासायला घेतला. डिस्कचा स्वतःविषयीचा अहवाल स्वच्छ होता. रॅमची चाचणी रात्रभर चालू ठेवली आणि सकाळपर्यंत एकही चूक निघाली नाही. भाच्याच्या चेहऱ्यावरचा ताण त्या वेळी बराच उतरला. राहिली वीज आणि राहिला गेम. तेव्हा मी सेव्हच्या फाईलींचे आकार पाहिले, आणि येथे प्रकरण फिरले.

न उघडणाऱ्या चारही फाईलींचा आकार एकसारखा होता : ३,३५,५४,४३२ बाइट. ज्याने संगणकाच्या पोटात थोडेफार हात घातले आहेत त्याला हा आकडा परका नाही. दोनाचा पंचविसावा घात, म्हणजे काटेकोर बत्तीस एमबी. वीज गेल्यामुळे फाईल तुटली असती तर ती कुठेही, वेड्यावाकड्या आकड्यावर तुटली असती, आणि चार फाईली चार ठिकाणी तुटल्या असत्या. चारही एकाच आकड्यावर, तोही दोनाच्या पूर्ण घातावर तुटल्या याचा अर्थ गेमने सेव्हसाठी बत्तीस एमबींचे माप आधीच ठरवून ठेवले होते, माहिती त्याहून मोठी झाली तेव्हा मापात मावेल तेवढी भरली आणि उरलेली सांडून दिली. पायली भरली म्हणून मापारी उरलेले धान्य ओट्यावरून खाली लोटून देतो आणि पावतीवर पूर्ण पोत्याचा आकडा लिहितो, तसे. त्याहून वाईट असे की सांडल्याची वाच्यता कुठेच झाली नाही. सेव्ह झाला, असे पडद्यावर प्रत्येक वेळी दिसत होते.

नुकसान आदल्या रात्रीच झाले होते आणि कळले सकाळी. गेम दर दहा मिनिटांनी आपोआप सेव्ह करत होता आणि तीन जागा आळीपाळीने वापरत होता. माप ओलांडल्यानंतरच्या अर्ध्या तासात तिन्ही चांगल्या प्रतींवर तिन्ही तुटक्या प्रती चढल्या. नीट लिहिलेल्या आज्ञावलीत नवी फाईल वेगळ्या नावाने लिहितात, लिहिलेली पुन्हा वाचून पाहतात, आणि ती धड आहे अशी खात्री झाल्यावरच जुनीच्या जागी ठेवतात. किराणा दुकानातला मुनीमसुद्धा नव्या वहीत बाकी ओढून, बेरीज जुळवल्याशिवाय जुनी वही रद्दीत घालत नाही. या गेमने ती एक पायरी गाळली होती.

परंतु सेव्ह इतका फुगला कसा, हा प्रश्न उरलाच. याचे उत्तर रावेरच्या मुलाने थोडे ओशाळून दिले. वीस तासांच्या सुमारास आबांना नदीकाठी एक घर मिळाले होते, आणि त्याची पाळी आली की हा मुलगा लढायला न जाता त्या घरात माल आणून ठेवत असे : बाटल्या, मेणबत्त्या, टोपल्या, तुटक्या तलवारी, पुस्तके. पेटीत नव्हे, जमिनीवर, ओळीने मांडून. पेटीत ठेवलेल्या शंभर बाटल्या म्हणजे गेमच्या दृष्टीने एक नोंद आणि शेजारी शंभर हा आकडा. जमिनीवर ठेवलेल्या शंभर बाटल्या म्हणजे शंभर नोंदी, प्रत्येकीची जागा, प्रत्येकीचा कल, प्रत्येकीची अवस्था. घरी त्यांचा केळीचा मळा आहे. केळी भाव येईपर्यंत थांबवून ठेवता येत नाही, घड उतरला की त्या दिवशी व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागतो. ज्याच्या घरी काहीच साठवून ठेवता येत नाही त्याने खेळात वखार मांडावी, यात मला नवल वाटले नाही. तिघांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती पाहून मात्र मला मध्ये पडावे लागले. गेमने घर दिले, वस्तू उचलू दिल्या, ठेवू दिल्या, आणि मर्यादा कुठेही सांगितली नाही. मग ठेवणाऱ्याचा दोष कसा, असे मी त्यांना विचारले.

या जातीचा दोष नवा नाही आणि तो मोठ्या घरांतही घडला आहे. 'सायबरपंक २०७७' हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हा संगणकावर सेव्हची फाईल आठ एमबीच्या पुढे गेली की ती खराब होत असे, आणि सामान कमी बाळगा असा सल्ला खेळाडूंना मिळत होता. २३ डिसेंबरच्या दुरुस्तीत ती मर्यादा काढण्यात आली, पण आधी बिघडलेले सेव्ह त्याने सुधारणार नाहीत असेही त्यासोबत स्पष्ट सांगितले गेले. २०११ मधील 'स्कायरिम'मध्ये प्लेस्टेशन ३ या खेळयंत्रावर सेव्ह जसजसा फुगे तसतसा खेळ रखडत जाई, तोही याच गोतावळ्यातला दोष. त्याहून मागे १९९६ मध्ये आलेला, 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतला दुसरा भाग 'डॅगरफॉल' पाहिला, तर त्यात माणूस तळघराच्या फरशीतून खाली पोकळीत पडत असे आणि सेव्ह बिघडत. बिघडलेले सेव्ह दुरुस्त करण्यासाठी एक छोटी आज्ञावलीच पुढे पॅचसोबत देण्यात आली. 'डॅगरफॉल'वर प्रेम करणारे आजही आहेत. माझ्या मते त्यात त्या छोट्या आज्ञावलीचाही वाटा आहे.

सिक्वेलच्या भ्रमनिरासाचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र 'गॉथिक ३' हे आहे. जर्मनीतील पिरान्हा बाइट्स या कंपनीने केलेले पहिले दोन भाग २००१ आणि २००२ मध्ये आले आणि त्यांना निष्ठावान खेळाडू लाभले. ऑक्टोबर २००६ मध्ये तिसरा भाग आला तो इतका कच्चा, की त्यातील रानडुक्कर हा थट्टेचा आणि संतापाचा विषय होऊन बसला, कारण ते खेळाडूला प्रत्युत्तराची उसंत न देता धडका मारतच राही. पुढच्याच वर्षी निर्माते आणि ऑस्ट्रियातील प्रकाशक जोवूड यांची ताटातूट झाली. गेम सावरला तो खेळाडूंनी : स्वयंसेवकांनी कित्येक वर्षे राबून तयार केलेला 'कम्युनिटी पॅच' लावूनच आज तो खेळावा असे जाणकार सांगतात. प्रकाशकाने २००८ मध्ये या भागाला जोडून आणलेला 'फॉरसेकन गॉड्स' हा गेम मुंबईच्या ट्राइन गेम्स या स्टुडिओने केला होता, आणि तोही दोषांनी भरलेला निघाल्याने खेळाडूंच्या रोषाला पात्र ठरला. मराठी वाचकाला हा तपशील थोडा टोचेल. परंतु दुसऱ्याने अर्धवट बांधलेल्या वाड्यावर मजला चढवायला दिला असता कोणत्या गावच्या गवंड्याला यश आले असते, हाही प्रश्न आहे.

आता तक्रारीकडे वळतो. दोष गेमचा आहे हे कळताच भाच्याने कंपनीला लिहिले होते. त्यात, भाषांतर करून सांगायचे तर, गेम बेकार आहे, आमचे सेहेचाळीस तास वाया गेले, पैसे परत करा, अशी तीन वाक्ये होती. उत्तर दोन दिवसांनी आले : ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करा, गेमच्या फाईली तपासून पाहा, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. त्या उत्तराचा मुलांना सेव्ह गेल्यापेक्षाही अधिक राग आला. मी हे काम अकरा वर्षे करतो आहे, त्यामुळे मला दोन्ही बाजू दिसत होत्या. तीन वाक्यांच्या तक्रारीतून तपासनीसाच्या हाती काहीच लागत नाही आणि अशा तक्रारींचा ढीग समोर असला की माणूस ठरावीक उत्तर चिकटवतो. पण ज्याचे नुकसान झाले आहे त्याने तपासनीसाचे काम स्वतः करून मगच रडावे, ही अपेक्षाही धडधडीत चुकीची आहे.

तरीही आम्ही ते काम केले. ते करता आले ते एका योगायोगाने, आणि तो योगायोग विजेनेच घडवला होता. दहा-बारा दिवसांपूर्वी खोलीवर दिवसभर लाइट नव्हती, तेव्हा भुसावळचा मुलगा सेव्हची फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन घरी गेला होता आणि रेल्वे क्वार्टरमधल्या भावाच्या संगणकावर खेळला होता. तो पेन ड्राइव्ह त्याच्या दप्तराच्या तळाशी सापडला. त्यावरचा सेव्ह पस्तिसाव्या तासाचा, एकोणतीस एमबींचा, आणि धडधाकट होता. ज्या विजेवर सकाळी आरोप ठेवला होता तिनेच पस्तीस तास वाचवले.

त्या प्रतीवरून दोष मुद्दाम घडवून दाखवायचा असे ठरले. आबांना नदीकाठच्या घरात उभे केले, पेटीतल्या बाटल्या काढल्या आणि एकेक करून जमिनीवर टाकायला सुरुवात केली. पाचशे बाटल्यांमागे सेव्ह सुमारे एक एमबी वाढत होता, म्हणजे दीड हजार बाटल्या टाकायच्या. चौघांनी शंभर-शंभराच्या पाळ्या लावल्या. एक जण बटण दाबी, दुसरा मोठ्याने मोजी, तिसरा प्रत्येक शंभरानंतर सेव्ह करून आकार वहीत लिहून घेई. जेवायला शेवभाजीचा डबा आला तेव्हा आकडा अकराशेवर होता आणि कोणी उठायला तयार नव्हते. गंमत अशी की त्या दोन तासांत खोलीत जो उत्साह होता तो मला गेमच्या व्हिडिओंतही दिसला नव्हता. एकतीस एमबींच्या किंचित पुढचा सेव्ह उघडला. त्यापुढचेही उघडत गेले. शेवटी बत्तिसाची सीमा ओलांडली, फाईलीचा आकार ३,३५,५४,४३२ वर येऊन थबकला, आणि गेम त्या रविवारी सकाळसारखाच निमूट बंद पडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आपलेच नुकसान पुन्हा घडवून टाळ्या वाजवणारे लोक तपासणीच्या धंद्यात नेहमी भेटतात. या चौघांना तो धंदा तेव्हा प्रथम कळला.

नवी तक्रार एका पानाची झाली. संगणकाचे वर्णन, गेमची आवृत्ती, धड सेव्ह आणि तुटका सेव्ह अशा दोन्ही फाईली, बाटल्यांची कृती पायरीपायरीने, आणि शेवटी एकच मागणी : मर्यादा काढा, आणि ती निघेपर्यंत सेव्ह तीस एमबींच्या पुढे गेला की खेळाडूला सावध करा. पैशांचा उल्लेख भाच्याने स्वतःच गाळला. नऊ दिवसांनी आलेले उत्तर या वेळी एका माणसाने लिहिलेले होते; दोष त्यांच्याकडेही घडवून पाहता आला असे त्याने कळवले आणि फाईलींबद्दल आभार मानले. सावधगिरीची सूचना कधी आलीच नाही. दुरुस्ती पाच आठवड्यांनी आली, आणि पॅचच्या लांबलचक यादीत ती खालून चौथ्या ओळीत होती.

पैसे परत मिळण्याचा मार्ग होता का, हे मला पुष्कळांनी विचारले. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाने जून २०१५ पासून ठेवलेला नियम असा आहे की खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर गेम परत करता येतो. जीओजी या तशाच दुकानाने फेब्रुवारी २०२० पासून तीस दिवसांची मुदत दिली आहे आणि गेम उघडून खेळला असला तरी चालतो. चौघांनी ज्या दुकानातून घेतला त्याचा नियम पहिल्या धर्तीचा होता. सेहेचाळिसाव्या तासाला उघडकीस येणाऱ्या दोषासमोर दोन तासांचा नियम निरुपयोगी आहे. तो चव न आवडलेल्याला उपयोगी पडतो, तळाशी किडलेले निघालेल्याला नाही. भारतीय कायदा याहून उदार आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत डिजिटल वस्तूंचा स्पष्ट समावेश आहे, भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणारे परदेशी विक्रेतेही त्यांच्या कक्षेत येतात, आणि तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत व निवारण महिन्याभरात करण्याचे बंधन त्यांवर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. १९१५ या क्रमांकावर फोनही करता येतो. हे सर्व मी मुलांना सांगितले. त्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि सत्र परीक्षा जवळ आली आहे असे म्हणाले. तीन हजार रुपयांसाठी आयोगाची पायरी कोणी चढत नाही हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते.

मी स्वतः या प्रकरणातून एका निष्कर्षावर आलो आहे. दोष किती आहेत यावरून खेळाडूचा भ्रमनिरास ठरत नाही. भिंतीतला पाटील, छपरावरचा घोडा, मुका लोहार हे तिघे मिळून त्या खोलीतील कोणाचे प्रेम कमी करू शकले नव्हते. लढाईत हरणे, वाट चुकणे, महिनाभर एकाच राक्षसापुढे अडणे हेही खेळाडू सहन करतो, कारण त्याने आज केले ते उद्या जागेवर असेल या एका भरवशावर तो खेळतो. तो भरवसा गेला की उरतो तो चित्रांचा पडदा. बाजारात आणण्याची तारीख पाळायची म्हणून काही सोडून द्यावेच लागले असेल, तर घोड्याला छपरावर राहू द्यावे. सेव्ह लिहिणारा भाग मात्र सर्वांत आधी आणि सर्वांत निर्दयपणे तपासावा. आमच्या धंद्यात उलटे घडते. घोडा जाहिरातीत दिसतो म्हणून त्याच्यावर दहा माणसे बसतात, आणि सेव्ह कोणालाच दिसत नाही म्हणून तो शेवटच्या आठवड्यात उरकला जातो.

पॅच आल्यानंतर पेन ड्राइव्हवरची प्रत लावून गेम सुरू करण्यात आला. पस्तिसाव्या तासापासून पुढचे अकरा तास पुन्हा खेळायचे होते. भाचा आणि रावेरचा मुलगा बसले. चौथा मित्र, ज्याच्या हातून गेलेल्या अकरा तासांतील सर्वांत अवघड लढाई जिंकली गेली होती, तो म्हणाला की एकदा जिंकलेली लढाई पुन्हा जिंकण्यात त्याला रस नाही, आणि क्रिकेटकडे वळला. भुसावळच्या मुलाने कारण सांगितले नाही. रावेरच्या मुलाने पहिल्याच संध्याकाळी घरातल्या साऱ्या बाटल्या उचलून पेटीत भरल्या. मर्यादा निघाली आहे, आता मांडायला हरकत नाही, असे मी फोनवर सांगितले तेव्हा तो "हो काका" म्हणाला. नंतर भाच्याकडून कळले की नदीकाठचे ते घर त्याने रिकामेच ठेवले आहे.

पेन ड्राइव्ह चुकून माझ्या बॅगेत पाचोऱ्याला आला होता. तो परत पाठवतो असे मी भाच्याला कळवले. त्याने लिहिले की पाठवू नका, दर रविवारी एक सेव्ह मी तुम्हाला मेल करत जाईन, तो त्यावर ठेवत जा. आतापर्यंत सात आले आहेत.